तोळाभर अत्तराचा हिशेब

लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर अत्तर घ्यायला गेलं, की दुकानदार दोन ‘गुलाब’ पुढे ठेवतो. एक दीडशे रुपयांना, दुसरा काही हजारांना. दोन्ही कुप्या सारख्याच दिसतात. तेव्हा आधी हिशेब करा.

किलोभर शुद्ध गुलाबतेलाला, म्हणजे रूह-गुलाबला, साधारण 4,000 किलो फुलं लागतात. ग्रॅमला चार किलो. फूल किलोला 100 रुपये धरलं, तरी एका तोळ्याला (11.66 ग्रॅम) नुसत्या फुलांचेच साडेचार हजारांवर जातात. जळण आणि मजुरी वेगळी.

अत्तर रूहपेक्षा स्वस्त पडतं, कारण त्यात फुलांचा सुवास चंदनतेलात उतरवलेला असतो. उत्तर प्रदेशात कन्नौजला हे काम अजून डेग-भपक्यावर चालतं. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीनं लिंपलेलं. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात जाते, आणि पाण्याच्या हौदात बुडवलेल्या त्या भपक्यात चंदनतेल वाट पाहत असतं. तापमापक नाही. कारागीर भपक्याला हात लावूनच आच किती ठेवायची ते ठरवतो. त्याच तेलावर रोज ताजी फुलं, असं कित्येक दिवस. हे कसब टिकायचं तर खऱ्या मालाला खरा भाव मिळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे. म्हणजे तोळ्यामागे हजार-बाराशे नुसत्या तेलाचेच, फूल पडायच्या आधी. मातीचं अत्तरसुद्धा याला अपवाद नाही: भाजलेली माती स्वस्त, पण ती उतरते चंदनातच. त्यामुळे दीडशेच्या कुपीत चंदन नाही, हे धरूनच चाला. तिथे लिक्विड पॅराफिन किंवा डीओपीसारखा द्रव आणि कृत्रिम सुवास असतो. तसं सांगून विकलं तर तक्रार नाही. नैसर्गिक म्हणून विकलं तर मात्र ती फसवणूकच. सफरचंदाचं, स्ट्रॉबेरीचं ‘नैसर्गिक अत्तर’ कुणी दाखवलं तर सरळ पुढे व्हा, त्या फळांचं असं तेल निघत नाही.

दुकानात पहिला प्रश्न विचारा: “बेस कशाचा?” दुसरा: “तोळा म्हणजे 10 मिली की 12?” मग मनगटावर थेंब लावून बाजारातली बाकीची कामं उरका आणि दोन-तीन तासांनी पुन्हा हुंगा. चंदनावरच्या अत्तरात फुलाचा वास ओसरल्यावर मऊ लाकडी गंध मागे राहतो. तासाभरात सगळंच उडालं, किंवा पहिल्या क्षणाचाच तीव्र वास जसाच्या तसा टिकला, तर शंका घ्या.

पैसे बेताचे असतील तर स्वस्तातली तोळाभर कुपी घेण्यापेक्षा खऱ्याचे दोन मिली घ्या. कानात फाया ठेवायला थेंब पुरतो. उन्हाळ्याला वाळा घ्या, थंडीला हिना किंवा शमामा. पैठणीवर थेट लावू नका, तेलाचा डाग जात नाही. बूच घट्ट लावून कुपी अंधारात ठेवा. चंदनावरचं अत्तर वर्षागणिक आणखी मुरतं.