वाड्यातील मुलींची शाळा
(वरच्या इयत्तांसाठी इतिहासाचा एक पाठ)

उद्देश.— पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे वाक्य बहुतेक विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. परंतु सन व स्थळ सांगितल्याने हा पाठ पुरा होत नाही. शाळा सुरू होणे ही एका दिवसाची घटना होय. ती चालू राहणे हे वर्षानुवर्षांचे कार्य आहे. हा भेद मुलांच्या मनावर ठसविणे हाच या पाठाचा उद्देश होय.

पूर्वतयारी.— वाड्याचे वर्णन आरंभी मुलांकडूनच काढून घ्यावे. घडीव दगडाचे जोते, लाकडी खांब व तुळया, मधोमध चौक आणि भोवती ओसरी ही पुण्यातील जुन्या वाड्यांची सर्वसाधारण रचना. असा वाडा कुटुंबाच्या राहणीसाठी बांधलेला असे, आणि त्यात स्त्रियांचा वावर मुख्यतः माजघर व स्वयंपाकघर यांपुरता असे. तशाच एका वाड्यात मुली पाटी घेऊन शिरल्या. हा बदल केवढा मोठा होता, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

निवेदन.— अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मिशनच्या मिस फरार मुलींची शाळा चालवीत. ती पाहून जोतीरावांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. तात्यासाहेब भिडे यांनी वाड्यात जागा दिली. १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. समाजाचा रोष ओढवला. १८४९ मध्ये पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले आणि शाळाही काही काळ बंद पडली.

येथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे व "पुढे काय झाले असेल?" असे विचारावे. वाडा तेथेच उभा होता, पण शाळा नव्हती. ३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात पुन्हा शाळा भरली. आरंभी ८ मुली होत्या. पुढे ती संख्या ४८ पर्यंत गेली. पाठोपाठ रास्ता पेठ आणि वेताळ पेठ (आजची गुरुवार पेठ) येथेही शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या वाड्यात मुलींच्या शिक्षणाचा असा गौरव व्हावा, ही गोष्टही मुलांना सांगावी.

या श्रमांचे फळ म्हणून मुक्ता साळवे हिचे उदाहरण द्यावे. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. जिला अक्षरओळख होऊ देण्यासही समाज राजी नव्हता, तिने आपल्या समाजाचे गाऱ्हाणे स्वतःच्या लेखणीने मांडले.

भिडे वाड्याची जीर्ण इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. वाड्यातल्या वर्गाची कल्पना यापुढे शिक्षकांच्या निवेदनातूनच मुलांना यावयाची आहे; म्हणून ते निवेदन नेमके असावे.

स्वाध्याय.— (१) आपल्या गावची शाळा प्रथम कोठे भरली— देवळात, चावडीत की कोणाच्या वाड्यात— हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. (२) आजीला शाळेत जाता आले का? नसल्यास कशामुळे? (३) बंद पडलेली शाळा पुन्हा सुरू करताना कोणत्या अडचणी आल्या असतील?

शिक्षकांसाठी.— शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर काढून त्यातील पहिल्या मुलीची नोंद शोधावी. तिने शाळा कोणत्या इयत्तेत व कोणत्या कारणाने सोडली, हे तेथेच लिहिलेले सापडेल. त्यानंतर चालू महिन्याचा हजेरीपट पाहावा. पटावर नाव आहे पण आठवडाभर वर्गात आलेली नाही, अशी मुलगी आढळल्यास त्याच संध्याकाळी तिच्या घरी जावे. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी किंवा शेतकामासाठी ती घरी राहिली असेल, तर पालकांशी बोलून वाट काढावी. हा पाठ वर्गात शिकविण्यापूर्वी एवढे काम झालेले असावे.