लिगामेंट तुटलं, आता किती लागतील?

कबड्डीत चढाई करताना पाय रोवून अंग वळवलं, आतून ‘कट्’ असा आवाज आला, गुडघा निसटल्यासारखा वाटला आणि दोन-तीन तासांत टम्म सुजला, तर बहुतेक वेळा एसीएल हे आतलं लिगामेंट गेलेलं असतं. सूज दुसऱ्या दिवशी सावकाश आली, तर संशय गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर. भिवंडीच्या नारपोलीत अशा वेळी पहिली धाव मालिशवाल्याकडे असते. ती धाव टाळा. ताज्या दुखापतीवर चोळलं, ओढलं की सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर. दोनशेच्या आत भागतं. गुडघा अडकून सरळच होत नसेल किंवा पाऊल थंड, बधिर पडलं असेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खासगीत हाडांच्या डॉक्टरांची तपासणी साधारण पाचशे ते हजार, एक्स-रे तीनशे ते सहाशे आणि एमआरआय चार ते नऊ हजार. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. हाड मोडलेलं नाही ना, एवढंच कळतं. म्हणून डॉक्टरांनी हाताने गुडघा हलवून पाहिल्यावरच एमआरआय काढा, आणि दोन-तीन केंद्रांचे दर फोनवर विचारा. एकाच तपासणीच्या दरात दोन-तीन हजारांचा फरक सहज निघतो.

पहिली तपासणी भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात करून घेता येते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. कळवा, शीव आणि केईएम ही रुग्णालयं महापालिकांची असल्याने तो निर्णय त्यांना लागू नाही. पण तिथले दर खासगीच्या मानाने किरकोळच. खरी किंमत मोजायची ती रांगेत.

ऑपरेशनचा आकडा खासगीत साधारण एक ते अडीच लाख. अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात स्क्रू-बटणांची किंमत वेगळी लिहून घ्या, कारण बिल फुगतं ते तिथेच. ‘गुडघ्याच्या इम्प्लांटवर सरकारी दरमर्यादा आहे ना?’ असं अनेकजण विचारतात. ऑगस्ट 2017 ची ती मर्यादा सांधा बदलण्याच्या इम्प्लांटवर आहे, लिगामेंटच्या स्क्रूवर नाही. मात्र राज्याच्या 2021 च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने ठरावीक सेवांचे दर दिसतील असे लावायला हवेत. तो फलक शोधा, नसेल तर मागा.

आणि घाई करू नका. एसीएल तुटलं म्हणजे उद्याच ऑपरेशन, असं नसतं. आधी सूज उतरू द्यायची आणि गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. स्वीडनमधला 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यात 121 तरुण रुग्ण होते. त्यातल्या 59 जणांना आधी व्यायाम दिला आणि ऑपरेशन लागलंच तर नंतर, असं ठरवलं. दोन वर्षांत त्यांपैकी 23 जणांनाच ते करावं लागलं. कबड्डीसारख्या वळणा-वळणाच्या खेळात परतायचं असेल, तर ऑपरेशनकडे कल जास्त असतो, हेही खरं. पण ज्याला फक्त कामावर उभं राहायचं आहे आणि ज्याचा गुडघा चालताना दगा देत नाही, त्याने आधी तीन महिने व्यायाम करून पाहण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

माझ्या मते सगळ्यात चुकीची काटकसर होते ती फिजिओथेरपीत. ऑपरेशनसाठी दागिने गहाण पडतात, सोसायटीचं कर्ज निघतं. मग टाके निघाले की ‘व्यायाम तर घरीही होतो’ म्हणून गाडी थांबते. मांडीचा स्नायू सुकतो, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि दीड लाख खर्चूनही माणूस लंगडतो. हिशेब असा: एका वेळचे सुमारे पाचशे, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, म्हणजे 18 हजार. एवढे परवडत नसतील तर केईएम, शीव किंवा नायरचा फिजिओथेरपी विभाग, नाहीतर हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण प्रत्येक खेपेला अर्धा दिवस आणि रिक्षा-लोकलचं भाडं जातं. म्हणून आठवड्यातून एकदा तिथे जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यायचा आणि रोज घरी करायचा, हा मधला मार्ग मला पटतो.

आणखी एक मोठी रक्कम कुठल्याच बिलावर छापलेली नसते: बुडालेली मजुरी. यंत्रमागावर पाळीभर उभं राहायचं आणि पैसे कापडाच्या मीटरवर मिळायचे. अशा माणसाचे दोन-तीन महिने सहज जातात. गोदामात ठेकेदाराकडे काम असेल तर पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात आहे का पाहा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असेल तर कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात. हप्त्यांची अट पुरी असेल, तर उपचार मिळतात आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरीही. छोट्या मागाच्या कारखान्यांत हे सहसा नसतं.

महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन पॅकेजच्या यादीत बसतं का आणि कोणत्या रुग्णालयात, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला किंवा 155388 वर विचारा. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या मागवाल्यांकडे इथलं रेशनकार्ड नसलं तरी गावचं आयुष्मान कार्ड महाराष्ट्रातल्या सहभागी रुग्णालयांत चालतं. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापणारा अपघात विमा मात्र मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे; ऑपरेशनच्या बिलाला त्याचा एक रुपयाही येत नाही.

सांगलीच्या स्मृती मानधनाचं एसीएल जानेवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना तुटलं आणि जूनमध्ये तिने विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध 90 धावा ठोकल्या. पोरं हे उदाहरण देऊन पाचव्या महिन्यातच मॅटवर उतरायला बघतात. तिच्यामागे उपचारांची पूर्ण फौज होती, आणि क्रिकेटमध्ये कोणी पाय धरून ओढत नाही. कबड्डीसाठी निदान नऊ महिने धरा, आणि त्यानंतरही दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी आहे हे फिजिओने मोजून सांगितल्याशिवाय चढाईला जाऊ नका.