बिश्केकला निघण्याआधी

अगं, परवा फोनवर तुझा आवाज फार पडलेला वाटला. अल्माटीची फी झेपत नाही म्हणून बिश्केकचं मेडिकल कॉलेज घेतलंस, तोवर सगळं ठीक होतं. मग मैत्रिणींनी डोक्यात भरवलं की श्रीमंत देश सोडून गरीब देशात चाललीस. तू म्हणालीस, "ताई, सहापट फरक आहे गं!" आकडा तू बरोबर काढला आहेस. २०२३ साली कझाकस्तानचं दरडोई उत्पन्न साधारण तेरा हजार डॉलर होतं आणि किरगिझस्तानचं दोन हजारांच्या आसपास. दोन्ही शहरांत रस्त्यानं जेमतेम अडीचशे किलोमीटरचं अंतर आहे. मध्ये चू नदी आणि सरहद्दीवरची रांग. इतक्या जवळ असून एवढी तफावत, म्हणून तुला धसका बसला हे मी समजू शकते.

पण बायो, तू तिथे पाच-सहा वर्षं राहणार आहेस. ज्या लोकांत राहायचं त्यांच्याकडे 'मागे पडलेले' म्हणून बघत विमानात बसू नकोस. दरडोई उत्पन्न म्हणजे देशाची सगळी कमाई भागिले माणसं. तो पैसा कुणाच्या घरात पोचतो ते त्यात दिसत नाही, आणि मुळात कुठून येतो तेही दिसत नाही. मी दोन देशांची तुलना करायला बसले की आधी हा दुसरा प्रश्न विचारते. किती आहे ते नंतर. कुठून येतं आणि कुणाच्या हातून येतं, ते आधी.

१९९१ पर्यंत दोन्हींचा हिशोब मॉस्कोत व्हायचा. बिश्केकला तेव्हा फ्रुंझे म्हणायचे. तिथल्या कारखान्यांत काय बनवायचं, सुटे भाग कुठून आणायचे, तयार माल कुणाला द्यायचा, हे सगळं वरून ठरून यायचं. डोंगरात मेंढ्या होत्या, त्यांची लोकर सोव्हिएत संघातल्या गिरण्यांना जायची. वर मॉस्कोतून अनुदानही यायचं. कझाकस्तानात १९५४ नंतर गवताळ माळ नांगरून गव्हाची अफाट शेती केलेली, करागंडाच्या कोळशाच्या खाणी, तेल, युरेनियम. संघ फुटला आणि दोघांचंही गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसं झालं. पाच वर्षांत किरगिझस्तानचं उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आलं. मेंढ्यांची संख्या तर निम्म्याहूनही खाली गेली, कारण लोकांनी जगण्यासाठी त्या विकल्या आणि खाल्ल्या. कझाकस्तानही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खाली गेला. म्हणजे त्या दशकात मार दोघांनी खाल्ला, हे लक्षात ठेव.

आता तुला जी गोष्ट कुणी सांगणार नाही ती सांगते. बाहेरच्या तज्ज्ञांनी सांगितलेला सुधारणांचा अभ्यास जास्त मन लावून कुणी केला असेल तर तो किरगिझस्ताननं. १९९३ च्या मे महिन्यात त्यांनी रूबल सोडून स्वतःचा सोम आणला. मध्य आशियात असं करणारा तो पहिलाच देश. कझाकस्तानचा टेंगे त्याच वर्षी नोव्हेंबरात आला. किरगिझांनी खाजगीकरण केलं, व्यापार खुला केला, १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेले. जुन्या सोव्हिएत देशांत त्यांचा नंबर पहिला. कझाकस्तानला तिथे पोचायला २०१५ उजाडलं. त्या काळात बाहेरचे तज्ज्ञ या छोट्या देशाला लोकशाहीचं बेट म्हणायचे. तरीही तो गरीब राहिला. माझं स्पष्ट मत आहे की त्याला त्यांची धोरणं जबाबदार नव्हती. समुद्र नाही, चारी बाजूंना पर्वत आणि विकायला फारसं काही नाही, तेव्हा दार कितीही सताड उघडं ठेवलं तरी त्यातून बाहेर पाठवायचं काय?

कझाकस्तानकडे पाठवायला होतं. कॅस्पियनच्या काठावरच्या तेंगिझमध्ये सोव्हिएत काळातच, १९७९ साली, प्रचंड तेलसाठा सापडला होता. १९९३ मध्ये शेवरॉन या अमेरिकन कंपनीशी करार झाला. २००१ मध्ये तिथून रशियातल्या नोव्होरोसिस्क बंदरापर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली आणि देशाचं नशीब पालटलं. तेलाच्या पैशातला काही भाग बाजूला ठेवायला त्यांनी २००० सालीच राष्ट्रीय निधी काढला, हे मला मनापासून शहाणपणाचं वाटतं. जगातलं सर्वांत जास्त युरेनियम हाच देश काढतो, एकूण उत्पादनाच्या जवळपास चाळीस टक्के. नवी राजधानी उभी राहिली, अल्माटीत काचेच्या इमारती उठल्या.

पण हा पैसा जमिनीतून निघतो, सरकार आणि मोठ्या कंपन्यांच्या हातातून फिरतो आणि मग झिरपत लोकांपर्यंत येतो. शिवाय तेलाच्या निर्यातीतला जवळपास ऐंशी टक्के माल त्या एकाच पाइपलाइननं, रशियाच्या जमिनीवरून जातो. २०२२ च्या मार्चमध्ये वादळानं बंदरातल्या तेल भरण्याच्या व्यवस्थेचं नुकसान झालं, तर कझाक निर्यात अडली. श्रीमंतीची चावी शेजाऱ्याच्या अंगणात असली की असंच होतं. तेल काढणंही सोपं नाही. समुद्रातल्या काशागान साठ्याचंच बघ. २०१३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांत नळांतून वायू गळायला लागला म्हणून बंद पडलं. पुन्हा सुरू व्हायला २०१६ आलं. तोवर खर्च पन्नास अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता.

२०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि रशियाचा रूबलही पडला. कझाकस्ताननं टेंगे बराच काळ धरून ठेवला. त्यामुळे रशियातल्या वस्तू इतक्या स्वस्त पडायला लागल्या की लोक सरहद्द ओलांडून गाड्या घेऊन यायचे. शेवटी २०१५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं टेंगे मोकळा सोडला आणि एका दिवसात त्याची चतुर्थांश किंमत गेली. पगार तोच, पण डॉलरमध्ये घेतलेलं घराचं कर्ज डोंगराएवढं. तेरा हजारांच्या त्या आकड्यामागे अशीही घरं आहेत.

आणि झानाओझेन हे नाव लक्षात ठेव. पश्चिमेकडचं तेलाचं गाव. देशाची तिजोरी अशा गावांवर भरते. २०११ साली तिथले तेल कामगार पगारासाठी महिनोन् महिने संपावर होते, आणि १६ डिसेंबरला, स्वातंत्र्याच्या विसाव्या वाढदिवशी, पोलिसांनी गोळ्या घातल्या. डझनाहून जास्त माणसं गेली. २०२२ च्या जानेवारीत त्याच गावातून पुन्हा आग पेटली. गाडीत भरायच्या गॅसचा भाव लिटरमागे साठ टेंग्यांवरून एकशेवीसवर गेला होता. आंदोलन अल्माटीपर्यंत पोचलं, रशियाच्या पुढाकारातलं सैन्य बोलवावं लागलं, दोनशेहून जास्त लोक मेले. ज्यांच्या पायाखाली तेल आहे त्यांनाच गॅस परवडेना, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुझा देश. किरगिझस्तानात पैसा माणसं आणतात. तू बिश्केकला गेलीस की दोर्दोय बाजार नक्की बघ. मालवाहू जहाजांवरचे लोखंडी कंटेनर, एकावर एक दोन थर. खालच्यात दुकान, वरच्यात गोदाम. नव्वदच्या दशकात कारखाने बंद पडले तेव्हा शिक्षक, इंजिनियर, परिचारिका या बाजारात उभ्या राहिल्या. चीनचा माल कमी जकातीत आत यायचा आणि इथून कझाकस्तान, रशिया, उझबेकिस्तानचे व्यापारी तो गाठोडी बांधून न्यायचे. आसपासच्या शिवणकामाच्या कारखान्यांत मुख्यतः बायकाच. जुन्या पंचवार्षिक योजनेत नसलेला हा उद्योग लोकांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला.

मग २०१० मध्ये रशिया, बेलारूस आणि कझाकस्ताननं जकातसंघ केला आणि ती सरहद्द, जिच्यावर दोर्दोय जगत होता, एकदम ताठ झाली. २०१५ मध्ये किरगिझस्ताननं युरेशियन आर्थिक संघात जायचं ठरवलं. चिनी मालावरची जकात वाढली, बाजाराला फटका बसला, तरी गेले. याचं मोठं कारण रशियात राबणारी त्यांची माणसं. संघात आल्यावर त्यांना तिथे कामाचा वेगळा परवाना लागेनासा झाला. काही वर्षी या माणसांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. आपल्या आजोळच्या कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरवर घरं चालायची, चुलीपासून कौलांपर्यंत, ते आजीकडून ऐकलं आहेस ना? तसा अख्खा देश समज. फरक एवढाच की यांची मुंबई दुसऱ्या देशात आहे, आणि तिथल्या सरकारची मर्जी फिरली की इथली चूल गार पडते. २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या दहशतवादी हल्ल्यानंतर तिथे मध्य आशियाई कामगारांची धरपकड आणि परत पाठवणी वाढली, तेव्हा त्याची झळ इथल्या गावांना लागली.

जमिनीतलं म्हणावं असं त्यांच्याकडे मुख्यतः एकच आहे, कुमतोरची सोन्याची खाण. तिएन शान पर्वतात चार हजार मीटरवर, हिमनद्यांच्या शेजारी. १९९७ पासून कॅनडाची कंपनी ती चालवत होती. काही वर्षी देशाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा एकट्या तिच्यातून यायचा. वाद कायम धुमसत राहिला. २०२१ मध्ये सरकारनं खाण ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन ती पूर्ण सरकारी झाली.

पाण्याचं मात्र नीट समजून घे, कारण ते तुझ्या खोलीतल्या हीटरपर्यंत येतं. सोव्हिएत काळात नारीन नदीवर तोक्तोगुल धरण बांधलं. ठरलेली देवाणघेवाण अशी होती की उन्हाळ्यात किरगिझ बाजूनं पाणी सोडायचं, खाली उझबेक आणि कझाक शेतीला ते मिळायचं, आणि थंडीत त्यांनी कोळसा आणि गॅस वर पाठवायचा. देश वेगळे झाले, तेल-गॅसचे पैसे मोजावे लागायला लागले आणि किरगिझस्ताननं थंडीतच पाणी सोडून वीज करायला सुरुवात केली. खाली थंडीत पूर, उन्हाळ्यात तहान. आता धरणातली पातळी खालावते, विजेची मागणी वाढते आणि हिवाळ्यात शेजाऱ्यांकडून वीज घ्यावी लागते. २०२३ मध्ये ऊर्जा क्षेत्रात आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याच नदीवर कंबराता नावाचं नवं मोठं धरण तिघांनी, किरगिझ, कझाक आणि उझबेकांनी, मिळून बांधायचं ठरवलं आहे. तुझ्या मैत्रिणी ज्याला श्रीमंत म्हणतात त्या देशाला या गरीब देशाच्या पाण्याची गरज आहे, हे त्यांना जरूर सांग.

आणखी एक साम्य बघ. बिश्केकमध्ये २०१० साली राष्ट्राध्यक्षाला पळून जावं लागलं. त्याआधी सरकारनं वीज आणि घर गरम ठेवण्याचे दर एकदम वाढवले होते. कझाकस्तानात गॅसचा भाव, किरगिझस्तानात हीटरचं बिल. म्हणून तिथे कुणी बिलावरून चिडून बोललं तर हसून सोडून देऊ नकोस.

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून दोन्हीकडे एक वेगळीच उलाढाल झाली आहे. रशियाला थेट माल मिळेना, तेव्हा चीन आणि युरोपातून गाड्या, यंत्रं किरगिझस्तानात येऊन पुढे जायला लागली. आकडे फुगले, पण हा पैसा किती टिकेल यावर मी विसंबणार नाही. २०२२ च्या सप्टेंबरात रशियानं सैन्यभरती जाहीर केली, हजारो रशियन तरुण अल्माटी आणि बिश्केकला आले आणि घरभाडी भडकली. म्हणून सुरुवातीला कॉलेजच्या वसतिगृहातच राहा, बाहेर खोली घ्यायची घाई नको.

२०२४ च्या मे महिन्यातली ती रात्र तुला ठाऊक आहे. बिश्केकमध्ये जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला होता. आपल्याकडच्या किती आयांचा जीव टांगणीला लागला होता! मी तुला घाबरवत नाही, आणि त्या हिंसेला सबबही देत नाही. पण ज्या मुलाचा बाप किंवा भाऊ मॉस्कोत परका म्हणून राबतो, त्याच्या गावात परदेशी मुलं डॉलर घेऊन येतात, हे मनात ठेवून वाग. रात्री उशिरा घोळक्यानं आरडाओरडा करत फिरायचं नाही. बाजारात पैशांचं प्रदर्शन करायचं नाही. आणि भाषा शीक. दवाखान्यातल्या रुग्णांशी बोलायला रशियन लागेलच, पण चार वाक्यं किरगिझही शीक. भाजीवालीशी ती बोललीस की तिची वागणूक बदललेली तुझी तुला दिसेल.

थंडीत दोन्ही शहरांवर कोळशाच्या धुराची चादर असते. औष्णिक केंद्रंही कोळशावर आणि घरातल्या शेगड्याही. तुला लहानपणी दमा होता, तेव्हा चांगले मास्क इथूनच घेऊन जा.

पैशांबद्दल शेवटचं. सगळे डॉलर एकदम सोममध्ये बदलू नकोस, लागतील तसे बदल. रूबल आणि तेलाच्या भावाच्या बातम्या महिन्यातून एकदा तरी बघत जा, तिथल्या महागाईचा अंदाज त्यावरून येतो. आईबाबांना हे मी समजावून सांगते. तू फक्त कॉलेजच्या कागदांत फी डॉलरमध्ये लिहिली आहे की सोममध्ये, आणि दरवर्षी ती वाढवण्याची अट आहे का, एवढं बघून मला रविवारपर्यंत कळव.