घड्याळ लावण्याआधी टाकी बघा

आमच्या गोरेगाव तालुक्यात धानाचा हंगाम लागला की उसन्याच्या टाक्या रात्रीही गार पडत नाहीत. मी अशाच एका राईस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. पाणी भरणं, साधारण सत्तर अंशांवर धान काही तास भिजत ठेवणं, मग पाणी सोडून वाफ देणं, हे सगळं आमच्याकडे पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, सांभाळतो.

त्याची बॅटरी संपलेली होती. लाइट गेली की घड्याळ काही वर्षं मागे जायचं, पण त्यामुळे कोणाचं अडत नव्हतं. एका रात्री बॅचच्या नोंदीत तारीख नीट यावी म्हणून ऑपरेटरने ती स्क्रीनवरून दुरुस्त केली. ‘सेट’ दाबताच टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला आणि कढत पाणी धो धो नालीत आलं. नाली साफ करणारा हमाल खराटा आणायला गेला होता, म्हणून वाचला. अर्धवट भिजलेलं धान मात्र गेलं; दाणा पोटात पांढराच निघाला.

ऑपरेटरला सगळ्यांनी बोलून घेतलं. पण खरी गोम प्रोग्राममध्ये होती. भिजवण्याचा वेळ टायमरने मोजायच्या ऐवजी ‘आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ’ असा मोजला होता. सुरुवात जुन्या तारखेची, आत्ता नवी तारीख. पीएलसीच्या हिशेबाने ते धान काही वर्षं भिजत पडलं होतं! घड्याळ मागे घेतलं असतं, तर पाणी सुटलंच नसतं आणि धान टाकीतच आंबलं असतं.

म्हणून किती वेळ झाला हे टायमरलाच मोजू द्या. घड्याळ लावायची परवानगी टाक्या रिकाम्या आणि मशीन थांबलेली असतानाच मिळावी, आणि ही अट प्रोग्राममध्येच घाला. भिंतीवरची सूचना रात्रपाळीत कोणी वाचत नाही. ‘बरोबर सहाला पंप सुरू’ अशी तुलनाही नको. घड्याळ पाच अठ्ठावन्नवरून सहा-तीनवर नेलं, की त्या दिवशी पंप लागतच नाही.

स्क्रीनवर भरलेले आकडे थेट घड्याळात जाऊ देऊ नका. ते आधी वेगळ्या रजिस्टरमध्ये घ्या, ३१ फेब्रुवारीसारखी तारीख तिथेच अडवा, आणि पासवर्डनंतर सगळे आकडे एकदम, एकदाच लिहा. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत एम ८०१५ हा बिट चालू असेपर्यंत घड्याळ थांबतं आणि तो बंद झाला की नवी वेळ धरून पुढे चालतं. त्या बिटाला स्क्रीनवर दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद असं बटण दिलं आणि कोणी ते तसंच सोडलं, तर घड्याळ थांबलेलंच राहतं. सीमेन्सच्या एस ७-१२०० मध्ये सिस्टीमची वेळ यूटीसी असते. तिथे आपली वेळ टाकली तर साडेपाच तासांचा घोळ. स्थानिक वेळ लिहायची सूचना वेगळी आहे, ती वापरा.

स्क्रीनलाही स्वतःचं घड्याळ असतं. दोन्हींपैकी मालक कोण हे ठरवा, नाहीतर तुम्ही लावलेली वेळ दुसरं घड्याळ पुसून टाकेल.

बॅटरी बदलायच्या आधी प्रोग्रामची प्रत लॅपटॉपमध्ये घ्या. काही जुन्या पीएलसींत घड्याळासोबत प्रोग्रामही त्याच बॅटरीवर तगलेला असतो.