चूल वेगळी मांडणारी आई : लक्ष्मीबाई टिळक



जानेवारी आला की आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळांत भाषणांची धांदल असते. 3 जानेवारीला सावित्रीबाई, 12 जानेवारीला जिजाऊ. सिंदखेडराजा आपलंच असल्यामुळे जिजाऊंवर तर पहिलीतलं लेकरूसुद्धा चार वाक्यं बोलतं. यंदा मात्र मी चौथीच्या वर्गाला आणखी एका बाईची गोष्ट सांगितली. त्याला कारण घडलं. शालेय पोषण आहाराच्या पंगतीत एका मुलाने शेजारच्या मुलाच्या बाटलीतलं पाणी प्यायला नकार दिला. "का रे?" विचारलं तर म्हणाला, "घरी चालत नाही." रागवून काही उपयोग नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट काढली.

सोवळ्यातलं बालपण

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी झाला. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरी म्हणायचे मनू. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. 1857 च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्यातून वडिलांचं हे सोवळं वाढत गेलं. शाळा नाहीच. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, बुद्धिमान, पण घरात पैसा ठरत नसे. हाती आलेलं दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. संसार ओढायचा तो बायकोने. पुढे त्यांच्याच प्रोत्साहनाने लक्ष्मीबाई जेमतेम लिहा-वाचायला शिकल्या.

घर दुभंगलं

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईवर हा केवढा घाव असेल, विचार करा. नवरा जिवंत, पण नातेवाइकांच्या दृष्टीने गेल्यासारखा. पदरात लहान मुलगा दत्तू. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या, पण धर्म सोडून नाही. ख्रिस्ती वस्तीत राहून त्यांनी आपली चूल वेगळी आणि सोवळं वेगळं ठेवलं.

मुलांना मी इथे थांबवून विचारलं, "आता त्यांनी काय करावं?" एक मुलगी म्हणाली, "नवऱ्याचं ऐकावं." दुसरा म्हणाला, "परत माहेरी जावं." लक्ष्मीबाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी आपल्या मनाला प्रश्न विचारला : ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळायला वेळ लागला. ते मिळालं तेव्हा आधी शिवाशिव गळून पडली, कोणाच्याही हातचं खायचं ठरलं. नंतर, 1900 साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे पाच वर्षांनी, आणि स्वतःला पटल्यावर.

घर आणि देऊळ एकच

यापुढे त्यांच्या घराचं दार उघडंच राहिलं. प्लेगच्या काळात दोघांनी नगरला रोग्यांची सेवा केली. अनाथ पोरं घरात वाढवली. ज्या हातांनी पूर्वी विटाळ होईल म्हणून भांडं दूर सारलं, तेच हात आता कोणाच्याही लेकराला न्हाऊ-माखू घालत होते. त्यांची भक्ती प्रार्थनेइतकीच स्वयंपाकघरात दिसते, असं मला वाटतं.

9 मे 1919 ला टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य दहाएक अध्यायांवर थांबलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढचे 64 अध्याय लिहून ते पूर्ण केलं! पोटासाठी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं. तिथे निभेना, म्हणून मुलाच्या कुटुंबाबरोबर थेट कराचीला गेल्या. उतारवयात परका मुलूख, पण घर सोबत होतं. मुलाच्या आग्रहावरून लिहिलेल्या आठवणी 'स्मृतिचित्रे' नावाने 1934 पासून चार भागांत आल्या. 24 फेब्रुवारी 1936 ला त्या गेल्या. दुःखाच्या प्रसंगातही स्वतःवर हसणारी ही मराठी आजही ताजी वाटते. विजया मेहतांचा याच नावाचा चित्रपटही आहे.

वर्गात काय करता येईल?

1. गोष्ट सांगताना कोणता धर्म चांगला, या वादात शिरू नका. पालकांनाही हे आधीच सांगा. मुद्दा एवढाच की एका बाईने आपला प्रश्न स्वतः सोडवला.
2. मुलांना विचारा : "आपल्या घरात काय चालत नाही? का चालत नाही, हे कोणाला विचारलंय का?"
3. 'आजीची आठवण' हा उपक्रम घ्या. आजी अंगठा लावणारी असली तरी चालेल. आजीने बोलायचं, नातवंडाने तिच्याच शब्दांत लिहायचं. वऱ्हाडी शब्द आले तर लाल शाईने खोडू नका. लक्ष्मीबाईंनीही घरातल्या बोलीतच लिहिलं.

आमच्या वर्गात बावीस आठवणी जमल्या. एका आजीने सांगितलं की लहानपणी तिला विहिरीवर वरून ओंजळीत पाणी वाढायचे. ती आठवण लिहून आणणारा मुलगा तोच, ज्याच्या बाटलीतलं पाणी नाकारलं गेलं होतं. त्याने ती वर्गात वाचली. नाकारणारा मुलगा गप्प बसून ऐकत होता. त्याच्या घरी काय बदललं, ते मी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "दे रे, पाणी दे."

पालकहो, मूल घरी येऊन "का चालत नाही?" असं विचारेल, तर त्याला गप्प करू नका. लक्ष्मीबाईंची सुरुवातही अशाच प्रश्नाने झाली होती.