खुरकूत बरी झाली, तरी बैल का धापतो?

लाळ्या-खुरकूत हा विषाणूजन्य रोग आहे. तोंडातील व खुरांतील जखमा दोन-तीन आठवड्यांत भरतात आणि जनावर सुधारले असे आपण समजतो. परंतु काही जनावरांत शरीराचे तापमान ताब्यात ठेवणारी यंत्रणा दीर्घकाळ बिघडलेली राहते. असा बैल सावलीत ठीक दिसतो. उन्हात जुंपला की तोंड उघडून धापतो. अंगावरचे केस लांब व राठ होतात, ते उन्हाळ्यातही झडत नाहीत. गाय असल्यास दूध घटते, वेळेवर गाभण राहत नाही.

धारूर, वडवणी, पाटोद्याकडून गाडीबैल घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्यांना हे फार महागात पडते, कारण बैल बहुधा उचलीच्या पैशातून घेतलेला असतो. म्हणून हिरापूर, नेकनूरच्या बाजारात सकाळच्या गारव्यात बैल पाहून व्यवहार उरकू नये. दुपारी थोडा चालवून श्वास पाहावा. धापणाऱ्या बैलावर खात्रीचा उपाय नाही. त्याला पहाटे व सायंकाळीच जुंपावे, सावली व भरपूर पाणी द्यावे.

लस दर सहा महिन्यांनी टोचावी. ऊसतोडीस निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी टोचलेली बरी, प्रतिकारशक्ती यायला तेवढे दिवस लागतात. 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून ही लस मोफत टोचली जाते.