कपात कोणाची किती?

करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमाने थांबली. आपला हरणीचा विमानतळही ओस पडला. मे महिन्यापासून ‘वंदे भारत’ मोहिमेत एअर इंडियाच्या वैमानिकांनी परदेशी अडकलेल्यांना घरी आणले. जुलैत मात्र या कंपनीने पंचवीस हजारांवरील पगारदारांचे भत्ते ५० टक्क्यांपर्यंत घटविले.

नियम वरवर सर्वांना सारखाच. परंतु वैमानिकाच्या मिळकतीचा मोठा भाग भत्त्यांचाच असतो. त्यामुळे आपल्यावर कुऱ्हाड आणि वरिष्ठांना नुसता ओरखडा, अशी वैमानिक संघटनांची तक्रार होती. कपातीपेक्षा हा भेदच अधिक बोचला.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे १९७ वे कलम येथे अभ्यासण्याजोगे आहे. सर्व नोकरांचे पगार चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणाऱ्या पगाराच्या कितीपट संचालकास मिळते, हे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीस दरवर्षी जाहीर करावे लागते. आपल्यापैकी भागधारकांनी वार्षिक अहवालातील हा आकडा अवश्य पाहावा.

संस्था लहान असो वा मोठी, तोट्याची पहिली झळ चालकांनी सोसावी. मग इतरांना सांगण्याचा अधिकार आपोआप येतो, असे आम्हांस वाटते.